दुर्बिणीत तांबडं दिसत नाही

“ह्यात तांबडं कुटं हाय?” यसबा तात्यांनी विचारलं.

ते रायफलीच्या मागे पालथे झोपले होते आणि त्यांचा उजवा डोळा दुर्बिणीच्या रबराला चिकटला होता. डावा डोळा मिटायला त्यांना जमत नव्हतं, म्हणून तो त्यांनी हाताने झाकला होता. रायफल रिकामी होती, मॅगझिन माझ्या खिशात. दिवस नुकताच मावळला होता आणि समोरच्या बांधावर कृष्णात नावाचा वनरक्षक, डोक्याला तांबडं मुंडासं बांधून, फोटो काढून घ्यायला उभा राहावा तसा ताठ उभा होता.

“तांबडं दिसणार नाही,” मी म्हणाले. “ह्यात सगळं हिरवंच दिसतं.”

“कृष्णात दिसतोय की.”

“हिरवा दिसतोय ना?”

“हिरवाच. आनि त्याचं मुंडासं?”

“तेही हिरवं. आणि त्याच्या मागचं भातही हिरवं.”

“भात हिरवंच आस्तंय,” तात्या म्हणाले. ते उठले, गुडघे झटकले आणि भोवती जमलेल्या गावाला त्यांनी निकाल सांगितला. “मशीन बिघडल्यालं हाय.”

गावाने माझ्याकडे दयेने पाहिलं. सरकारने आधी डुक्कर मारायला बाई पाठवली आणि बाईबरोबर बिघडलेलं मशीन पाठवलं, असा एकूण भाव होता. मी तेव्हा जिल्हा पोलिसांच्या शीघ्र कृती दलात होते, नेमबाजीत राज्याच्या स्पर्धेत पदकं मिळवलेली. आमच्या दलात माझ्याहून चांगला एक नेमबाज होता, पण त्याच्या मेव्हण्याचं लग्न होतं. त्यामुळे भुदरगडच्या डोंगरातल्या आंबेखोल गावी मी आले. तिथे एका एकट्या, सुळेवाल्या रानडुकराने उन्हाळ्यात एका गुराख्याला आणि रोपलावणीच्या दिवसांत एका शेतकऱ्याला मारलं होतं. ते एकच जनावर मारायचा आदेश वरून निघाला होता. ते रात्रीच येई, म्हणून रात्रीची दुर्बीण, आणि दुर्बीण पोलिसांकडेच, म्हणून मी.

तात्या हे गावच्या हाक्याचे म्होरके होते. हाका म्हणजे रान उठवणं. जुन्या काळी शिकार व्हायची तेव्हा प्रत्येक चुलीमागे एक पुरुष हाक्याला उभा राहायचा, तांबडं मुंडासं बांधून. तांबडं दिसलं की बंदूकवाल्याने बार काढायचा नाही, हा देवासमोर दिलेला शब्द. शिकारबंदी होऊन किती वर्षं झाली होती, पण आंबेखोलमध्ये पिकातली डुकरं हुसकायला हाका अजून चालू होता आणि शब्दही. गावच्या पुरुषांना आज रात्री देवाच्या शेतात, म्हणजे देवस्थानच्या मालकीच्या समोरच्या भातात, उभं राहायचं होतं आणि मी नको म्हणत होते, म्हणून हे सगळं प्रात्यक्षिक.

“हे बघा तात्या,” मी पुन्हा सुरुवात केली. “ही दुर्बीण उजेड पाडत नाही. चांदण्यांचा, ढगांवरून परत आलेला जो काही थोडा उजेड असतो, तो गोळा करून हजारो पट वाढवते. त्यात रंग उरत नाही. लाल सुती कापड आणि भाताची पात, दोन्ही तिला सारखीच उजळ दिसतात. मुंडासं बांधलेला माणूस भातात बसला, तर मला बिनडोक्याचा माणूस दिसेल.”

“बिनडोक्याच्या मानसाला गोळी घालू नगा,” मागून कोणी तरी म्हणालं. लोक हसले.

ढोबळे साहेब हसले नाहीत. ते वनक्षेत्रपाल होते आणि आदेशाचा कागद त्यांच्या नावाने निघाला होता. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “आज रात्री देवाच्या शेतात एकही माणूस शिरणार नाही. शिरला तर गुन्हा.” मग ते माझ्याकडे वळले. “चौगुले, शेतात माणूस असेल तर गोळी झाडायची नाही. उद्या सकाळी पंचांसमोर मी विचारणार, शेतात कोणी होतं का. तुम्ही नाही म्हणणार. मगच माझं काम संपणार.”

“आणि असेल तर?” मी विचारलं.

“असणार नाही,” साहेब म्हणाले. त्यांचं सगळं प्रशासन या एका वाक्यावर चालायचं.

तेव्हा गर्दीतून एक तरतरीत, कोरा शर्ट घातलेला माणूस पुढे आला. हा केरबा. डुकराने मारलेल्या शेतकऱ्याचा, बाळकूचा, धाकटा भाऊ.

“तात्या, मग आपुन समदी देवळाच्या कट्ट्यावर उभी ऱ्हाऊया,” तो म्हणाला. “मुंडाशी बांधून. साहेबाचा हुकूमबी पाळला आनि हाकाबी झाला.”

“देवळात हाका?” तात्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. “आसं कधी झालं न्हाई.”

“मशीनबी कधी आलं न्हवतं.”

“उभं ऱ्हावा,” तात्या शेवटी म्हणाले. “मोजायचं का न्हाई ते सकाळी बगू.”

देवळाच्या कट्ट्यावर उभं राहण्याचा केरबाला एवढा उत्साह का, हे मला जेवताना कळलं.

बाईमाणूस म्हणून माझी उतरण्याची सोय गावाने सावंत्राकडे केली होती. सावंत्रा बाळकूची बायको. पस्तिशीची असेल, बारीक चणीची, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता हातातल्या कामाकडे बघणारी. पोटी एक मुलगी, ती मामाकडे शिकायला. घरात ती एकटीच. तिने मला नाचणीची भाकरी, खर्डा आणि कुळथाची आमटी वाढली आणि चुलीतली लाकडं मागे ओढली.

“मशीनमदी तांबडं दिसत न्हाई म्हंत्यात, खरं काय वं?” तिने विचारलं.

“खरं.”

“आजाबात?”

“अजिबात.”

“आसं कसं हुईल,” ती आमटीला म्हणाली.

मी तिला सगळं परत समजावलं. दुर्बिणीला तीनशे हातांवर हललेलं कळतं, पण काय हललं ते शंभर हातांच्या आत आल्याशिवाय कळत नाही. चित्र सपाट असतं, पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं ते समजत नाही. दुर्बिणीसोबत एक बॅटरी होती, तिचा उजेड डोळ्यांना दिसत नाही पण दुर्बिणीला दिसतो. तो टाकला की गाईचे, कुत्र्याचे, बिबट्याचे डोळे दिव्यासारखे लागतात.

“आनि डुकराचं?”

“डुकराचे लागत नाहीत.”

“मानसाचं?”

“माणसाचेही नाहीत.”

“मग त्या बॅटरीचा उपेग काय?” ती म्हणाली. हा प्रश्न मी प्रशिक्षणात विचारला असता तर बरं झालं असतं.

मग तिने मला तिच्याकडची गोष्ट सांगितली, तितक्याच सरळ सुरात. हाक्याला जी चूल उभी राहते तिला वाटा मिळतो. पूर्वी मांसाचा, आता देवापुढे फोडलेल्या नारळाचा. खोबऱ्याचा तुकडा तो केवढा, पण ज्याला वाटा त्यालाच देवाच्या शेतातली भाताची एक पट्टी कसायला मिळते. घरातला पुरुष मेला आणि त्यानंतरच्या पहिल्या हाक्याला त्या चुलीचं कोणी उभं राहिलं नाही, तर ती चूल विझली असं धरतात. वाटा भावाच्या चुलीत जातो. पट्टीही जाते.

“आजचा हा पयला हाका,” सावंत्रा म्हणाली. “भावजीनी तेवढ्यासाटनंच देऊळ काडलं. कट्ट्यावर बाईमानूस चालत न्हाई.”

“आणि शेतात चालतं?”

“शेतात मी वरीसभर आस्ते. तितं कोन न्हाई म्हंतंय?”

“आज मी म्हणतेय,” मी भाकरी खाली ठेवली. “सावंत्रा, आज रात्री तिथे पाऊल टाकायचं नाही. मला तू दिसणार नाहीस. दिसलीस तरी तू आहेस हे कळणार नाही. मी आदेशाने गोळी घालेन आणि तू मरशील.”

“व्हय,” ती म्हणाली. “आजून आमटी घ्या.”

मी आमटी घेतली. तिने व्हय म्हटलं, त्याचा मी होकार असा अर्थ लावला. कोल्हापूर जिल्ह्यात जन्म काढूनही मला हे कळू नये, याचं मला अजून नवल वाटतं.

अंधार पडल्यावर मी आणि कृष्णात बांधावरच्या जांभळावर बांधलेल्या माळ्यावर चढलो. खाली देवाचं शेत, पायऱ्यापायऱ्यांनी ओढ्यापर्यंत उतरत गेलेलं. ओढ्यापलीकडे करवंदीची जाळी, तिथून डुक्कर यायचं. हस्ताचा पाऊस भुरभुरत होता आणि भाताच्या लोंब्या पोटरीतून बाहेर पडून वाकल्या होत्या. मागे, गावात, देवळाच्या कट्ट्यावर पिवळ्या बल्बाखाली सगळी तांबडी मुंडाशी ओळीने उभी होती. एवढे पुरुष काही न करता एकत्र उभे असलेले मी बंदोबस्ताबाहेर कधी पाहिले नव्हते.

मी दुर्बीण चालू केली. आत बारीक शिट्टी वाजल्यासारखा आवाज होतो आणि मग हिरवं शेत वर येतं. पाऊस असला की त्यात मुंग्या फिरतात. डोळा रबराला घट्ट दाबून ठेवावा लागतो, नाहीतर हिरवा उजेड तोंडावर पडतो आणि शंभर हातांवरच्या जनावराला आपलं तोंड दिसतं, आपल्याला मात्र काहीच नाही.

फार वाट पाहावी लागली नाही. गावात अजून भांडी घासल्याचे आवाज येत होते तोवर कृष्णातने माझ्या खांद्याला बोट लावलं. त्याला दिसत काही नव्हतं, पण ऐकू येत होतं.

“भात वाजतंय,” तो कुजबुजला. “खालच्या पट्टीत.”

मी दुर्बीण तिकडे नेली. खालच्या पट्टीत एक पाठ होती. बुटकी, कुबडासारखी वर आलेली, मागे उतरती. ती भातातून सरकत होती, थांबत होती, परत सरकत होती. डोकं खाली. मी बॅटरी टाकली. डोळे लागले नाहीत.

“म्हणजे डुक्करच,” कृष्णात म्हणाला. “बिबट्या न्हाई, गुरं न्हाईत. मारा म्याडम.”

मी रायफलीचा सुरक्षेचा खटका काढला आणि बोट घोड्यावर आणलं. काळ्या रेघांचा छेद पाठीच्या पुढच्या भागावर, खांद्याच्या थोडा मागे. मला सांगायला लाज वाटत नाही, मी खूश होते. पहिल्याच रात्री, पहिल्याच तासात. लग्नाला गेलेल्या त्या नेमबाजाचं तोंड मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

तेवढ्यात ती पाठ थांबली आणि तिच्याखालून दोन हात बाहेर आले.

हातांनी आडवं झालेलं भात कवेत घेतलं, उभं केलं, चार पाती काढून त्याला वळसा दिला आणि गाठ मारली. मग पाठ थोडी पुढे सरकली आणि पुढचं भात उभं करू लागली.

माझं बोट घोड्यावरून आपोआप बाजूला झालं. ते इरलं होतं. बांबूचं, पानांनी शाकारलेलं, लावणीच्या वेळी पाठीवर घेतात ते. त्याखाली माणूस होता, आणि तो कोण हे सांगायला मला दुर्बिणीची गरज नव्हती.

“काय झालं?” कृष्णातने विचारलं.

“डुक्कर भात बांधतंय,” मी म्हणाले.

त्याला हे समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर तो देवाचं नाव घेऊन मागे सरकला.

आता नियमाप्रमाणे मी खटका लावायचा, हाक मारायची आणि रात्र संपवायची. मी तोंड उघडलंही होतं. पण ओढ्याच्या बाजूने दुसरी एक पाठ बांध चढून आली. ही भात बांधत नव्हती. सरळ मुसंडी मारून खात होती. आकाराने पहिलीपेक्षा दीडपट. ती सरकत सरकत खालच्या पट्टीकडे आली आणि दुर्बिणीत दोन्ही पाठी एकमेकींना चिकटल्या. सपाट चित्र. कोण पुढे, कोण मागे, काही कळेना. एक हिरवा ढीग, आणि त्यात कुठे तरी सावंत्रा.

मी हाक मारली तर डुक्कर बिथरणार. नाही मारली तर ते तिच्यावर जाणार. प्रशिक्षणात असा धडा नव्हता.

सावंत्राने तो प्रश्न सोडवला. तिला वास आला असेल किंवा आवाज. ढिगातला एक भाग एकदम उंच झाला, इरलं मागे उडालं आणि खालून आवाज आला, “हाऽऽ हो! हाऽऽ हो!” एवढ्या बारीक बाईतून असा आवाज निघेल असं मला वाटलं नव्हतं. ती पळाली नाही. जागच्या जागी उभी राहून ओरडत राहिली, विळा दगडावर आपटत. हाका असाच घालतात हे मला नंतर कळलं. पळालं की हाका मोडतो.

डुक्कर क्षणभर तिच्याकडे तोंड करून उभं राहिलं. मग वळलं आणि बांधावर चढलं. तिथे त्याच्यामागे नुसती माती होती आणि सावंत्रा पुष्कळ बाजूला. मी गोळी झाडली.

गोळीच्या जाळाने दुर्बीण पांढरी झाली. डोळा काढला तर उजव्या डोळ्यासमोर हिरवा गोळा आणि डाव्यासमोर काळोख. आवाज बंद झाला होता. हाकेचाही आणि विळ्याचाही.

“सावंत्रा!” मी ओरडले. “सावंत्रा! अगं ए!”

काही नाही. पाऊस तेवढा वाजत होता. मी तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा माझा आवाज फाटला.

“वरडू नगासा,” खालून उत्तर आलं. “ऐकू येतंय.”

आम्ही खाली उतरलो. कृष्णातच्या बॅटरीत डुक्कर बांधावर पडलेलं दिसलं, हललंही नव्हतं. सावंत्रा पलीकडे इरलं शोधत होती. डोक्याला बाळकूचं तांबडं मुंडासं होतं, भिजून काळपट झालेलं. मला तिला मारावंसं वाटलं. मी तिचे दोन्ही दंड धरले आणि गदागदा हलवलं.

“मेली असतीस! माझ्या हातून मेली असतीस!”

“तांबडं बांधलं हुतं की,” ती म्हणाली.

“दिसलं नाही! सांगितलं होतं ना, दिसत नाही!”

ती पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघू लागली. “मग झाडली कशी न्हाईस?”

“तू भात बांधत होतीस.”

“आडवं पडल्यालं बगवंना,” सावंत्रा म्हणाली. तिने इरलं उचललं, त्यातलं पाणी झटकलं आणि घराकडे चालू लागली.

वाटेत कृष्णात म्हणाला, “म्याडम, शेतात कोन न्हवतं. तुमी बगितलं न्हाई, मी बगितलं न्हाई. न्हाईतर तुमची नोकरी लटकंल. साहेबाचीबी.”

तो चांगल्या मनाने सांगत होता. मीही मनात तेच ठरवत होते. शीघ्र कृती दलात यायला मी किती जणांच्या टेबलांसमोर उभी राहिले होते ते माझं मला ठाऊक.

सकाळी सगळं गाव बांधावर जमलं. डुक्कर मध्ये, बाजूला लाकडं आणि रॉकेलचा डबा, कारण मेलेलं जनावर सरकारच्या मालकीचं आणि सरकार ते जाळतं. ढोबळे साहेब खुर्चीवर. पंच म्हणून यसबा तात्या आणि केरबा. देवळातली पुरुषमंडळी मुंडाशांसकट आली होती आणि सकाळी मोजणी होणार म्हणून गोळी वाजल्यावरही कोणी हललं नव्हतं, रात्रभर उभं राहिल्याने सगळ्यांचे पाय सुजले होते. देवापुढे फोडलेल्या नारळांचं खोबरं एका टोपलीत होतं.

“हाका झाला,” केरबा मोठ्याने म्हणाला. “समद्या चुली उभ्या हुत्या. बाळकूदादाची तेवढी न्हवती. तात्या, तुमीच मोजलाईसा.”

“मोजलं,” तात्या म्हणाले. “न्हवती.”

बायकांच्या घोळक्यातून सावंत्रा पुढे आली. “मी शेतात हुते.”

“कुनी बगितलं?” केरबाने विचारलं. त्याने साहेबांकडे बघून हे विचारलं, आणि विचारण्याची वेळ अचूक निवडली होती.

साहेबांना त्यांच्या भानगडीत रस नव्हता. त्यांना दुपारच्या आत तालुक्याला पोहोचायचं होतं. “चौगुले,” ते म्हणाले, “गोळी झाडली तेव्हा शेतात कोणी नव्हतं. बरोबर?”

कृष्णात खोकला. सावंत्रा माझ्याकडे बघतही नव्हती. ती तिच्या पट्टीकडे बघत होती. तिथे काल रात्री बांधलेल्या भाताच्या जुड्या ओळीने उभ्या होत्या आणि त्यांच्यापुढचं भात अजून आडवं होतं.

“होतं,” मी म्हणाले. “सावंत्रा होती. खालच्या पट्टीत. तिने हाका घातला म्हणून डुक्कर बांधावर चढलं.”

साहेब खुर्चीत पुढे सरकले. “तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय?”

“हो साहेब.”

“मी परत विचारतो.”

“मी परत तेच सांगणार, साहेब.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तरी मी तिथेच होते. “मग या बाईवर गुन्हा दाखल करावा लागेल,” ते चिडून म्हणाले. “मनाई असताना रात्री शेतात शिरल्याचा.”

“करा की साहेब,” यसबा तात्या म्हणाले. “फकस्त नीट लिवा. रातच्याला देवाच्या शेतात उभी हुती, आसं लिवा. कुठल्या चुलीची म्हनून इचारलं तर, चूल सावंत्राची.”

“बाळकूदादाची, तात्या,” केरबा म्हणाला.

“बाळकू मेलाय. मेलेल्यावर गुन्हा हुतोय व्हय? काय वं साहेब?”

“नाही होत,” साहेब म्हणाले. कायद्याच्या प्रश्नाला ते नेहमी खरं उत्तर देत.

“मग सावंत्राचीच.” तात्यांनी खोबऱ्याची टोपली उचलली आणि सावंत्राच्या पायाशी नेऊन ठेवली. सगळी टोपली.

केरबाच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. “आनि आमी? आमी रातभर हुबं हुतो की!”

“मीबी हुतो,” तात्या म्हणाले. “डुक्कर देवळात आल्तं काय रं?”

केरबा पायाने बांधाची माती उकरू लागला.

“मग त्यो हाका न्हवं,” तात्या म्हणाले. “हाक्याला एकच चूल हुती. ज्याला वाटा न्हाई त्यानं वाटेकऱ्याफुडं हात करायचा. त्यानं दिलं तरच पट्टी ऱ्हाती. आपल्यात आसंच हाय.”

त्यांनी स्वतःचं मुंडासं सोडलं, घडी करून खांद्यावर टाकलं आणि सावंत्रासमोर हात पुढे करून उभे राहिले. हाक्याचा म्होरक्या, सत्तरीचा माणूस. सावंत्राने खाली बसून एक तुकडा उचलला आणि त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो कपाळाला लावला. मग त्यांच्यामागे एकेक जण मुंडासं सोडून उभा राहिला आणि बांधावर रांग लागली.

ढोबळे साहेबांनी कृष्णातला विचारलं की हे काय चाललंय. कृष्णात म्हणाला, प्रसाद. तेव्हा साहेबही रांगेत उभे राहिले, आणि गुन्हा जिच्यावर दाखल करायचा होता तिच्याकडून खोबरं घेऊन त्यांनी ते तिथेच खाल्लं. त्या गुन्ह्याचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. माझी मात्र चौकशी रीतसर झाली, रीतसर ठपका आला, आणि दलातून काढून मला पासपोर्टच्या पडताळणीवर टाकलं. घरोघर जायचं आणि या घरात हा माणूस खरंच राहतो का, एवढं विचारायचं. निवृत्त होईपर्यंत मी तेच केलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. रायफल परत हातात आली नाही आणि ती मला अजून आठवते.

पण त्या सकाळी मी रांगेत होते, माझाही तुकडा घेतला, आणि बाजूला उभी राहून खात होते. रांग संपत आली. केरबा एकटाच जांभळाखाली उभा होता, मुंडाशासकट. टोपलीत एक तुकडा उरला होता. सावंत्राने त्याला हाक मारली नाही. ती टोपली घेऊन नुसती उभी राहिली, आणि तिच्यामागे सगळं गाव उभं राहिलं. कोणीही घरी जाईना.

शेवटी तो आला. मुंडासं सोडलं, खांद्यावर टाकलं आणि दुसरीकडे बघत एक हात पुढे केला.

“दोनी हात, भावजी,” सावंत्रा म्हणाली.

त्याने दुसराही हात पुढे केला.